हळदीची बोटं

नेवासे, १४ जुलै १९४३

ती. ताईस दमूचा नमस्कार.

हे पत्र आमच्या दूधवाल्या बायडाबाईच्या हाती देते आहे. तूही यापुढे तिच्याच नावावर पाठव. घरी येणारं प्रत्येक पाकीट आधी माझे दीर मार्तंडराव फोडतात, मग ज्याचं त्याला मिळतं.

शोभाचे वडील पलटणीच्या कचेरीत कारकून म्हणून सिंगापुरास गेले, त्यांचं पत्र येऊन दीड वर्ष होत आलं. दिरांनी आता ठरवलंय की कार्तिकी झाली की मी इंदूरला त्यांच्या मेहुण्यांकडे स्वयंपाकाला जायचं. शब्द देऊनसुद्धा झाला. मी एकटीनंच जायचं, शोभा इथेच राहणार. आठ वर्षांच्या पोरीला सोडून मी तिथं पोळ्या लाटत बसू?

तू मागे म्हणालीस ना, नगरला बायकांचा अध्यापिका वर्ग निघतोय, प्रवेशपरीक्षा कार्तिकाच्या सुमारास आहे, पास झाले तर शोभाला घेऊन तुझ्याकडे राहता येईल? मी बसते. पण या घरात सुनेनं पुस्तक उघडलं की तिला लगेच काम आठवून देतात. म्हणून काल एकादशीला एक धाडस केलं. चातुर्मासाचा नेम धरला: रोज दुपारी तीन ते चार देवघरात दार लोटून, मौन धरून, घराण्याच्या मूळपुरुषानं रचलेली, हाती लिहिलेली जुनी पोथी वाचायची. कार्तिकीनंतर उद्यापन. घरात शब्द दिरांचा असला तरी देवघरात तो सासूबाईंचा, आळीच्या आक्काबाईंचा, आणि घेतलेला नेम मोडू देणं म्हणजे त्यांच्या लेखी घरावर पाप. त्या म्हणाल्या, "घेतलास तर पार पाड. मध्ये सोडलास तर माझ्यासारखी वाईट नाही."

तेव्हा रोजचा एक तास माझा आहे. तू गणितं पाठव. पोथीखाली शोभाची पाटी असेल.

तुझी दमू

नगर, २१ जुलै १९४३

चि. दमूस आशीर्वाद.

अगं बाई, काय डोकं म्हणावं तुझं! पत्र वाचून आधी हसले आणि मग घाबरले. पकडली गेलीस तर?

ते असो. आता मास्तरीण बोलते ते ऐक. मी तेरा वर्षं मुलींना शिकवतेय. हुशार मुली एक दिवस शंभर गणितं करतात आणि पुढं आठ दिवस फिरकत नाहीत. ज्या रोज आपलं पान खरडतात, त्याच पास होतात. तू रोज तीन गणितं आणि दहा ओळी शुद्धलेखन कर. चौथं गणित करायचं नाही, हौस आली तरी. आणि दोनावर उठायचं नाही, रडू आलं तरी. सोबत महिन्याची त्रैराशिकं आणि अपूर्णांक पाठवते आहे.

आणखी एक. पोथीबिथी खरोखर वाचत बसू नकोस. तास मोजका आहे. ती नुसती समोर ठेव. तुला मी ओळखते, देवासमोर बोललीस म्हणून अर्धा वेळ ओव्यांत घालवशील. तसलं काही चालणार नाही.

ताई

नेवासे, १९ ऑगस्ट १९४३

ती. ताईस,

पोथीचं तू म्हणतेस ते समजलं.

गणितं चालू आहेत. पहिले आठ दिवस तिसरं गणित सुटतच नव्हतं. हौद, नळ आणि गळती पाहिली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. आता दोन तरी बरोबर येतात. बाजूला बसायच्या चार दिवसांत देवघरात जाता येत नाही, तेव्हा मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून पावकी-निमकीचे पाढे म्हणते.

एक भीती आहे. लेखणी पाटीवर करकरते. मी ती पाण्यात बुडवून घेते, तरी मधूनच कर्रर्र होतं. सासूबाई देवघराच्या दाराशीच माळ घेऊन बसतात. आधी त्या मनातल्या मनात जप करायच्या, गेल्या पंधरवड्यापासून मोठमोठ्यानं करतात. मला वाटतं त्यांना संशय आलाय आणि त्या पहारा देताहेत. रोज चार वाजले की, मी बाजूला बसलेली असले तरी, दाराबाहेरच्या भिंतीवर हळदीचं एक बोट उठवतात आणि मला म्हणतात, "झालं आजचं." माझ्या तोंडाकडे बघतसुद्धा नाहीत. ताई, मला दिरांपेक्षा त्यांचं भय जास्त वाटतं.

काल शोभानं विचारलं, "आई, माझी पाटी रोज ओली का असते?" काय सांगू तिला? पहिल्यांदा पोरीशी खोटं बोलले.

दमू

नगर, ११ सप्टेंबर १९४३

चि. दमूस,

घाईत लिहिते. परीक्षेची तारीख लागली. शुक्रवार, १२ नोव्हेंबर. तुझं उद्यापन ९ ला, म्हणजे मध्ये दोनच दिवस. त्या दोन दिवसांत तुला इंदूरच्या गाडीत बसवायचा बेत असला तर? तुझा अर्ज मी भरलाय. दसऱ्याच्या सुट्टीत येऊन तुम्हा दोघींना सरळ घेऊनच येऊ का? उलट टपाली कळव.

ताई

नगर, २९ सप्टेंबर १९४३ (कार्ड)

दमयंतीस,

अठरा दिवस झाले, पत्राचं उत्तर नाही आणि सोडवलेली गणितंही नाहीत. मी काय समजायचं? सोडलंस ना शेवटी? पोथीआड पाटी धरायची अक्कल होती, पण रोजच्या रोज बसायचा दम नव्हता. माझंच चुकलं, मी तुला मोठी समजत होते. जा इंदूरला.

सरोजिनी

नेवासे, ९ ऑक्टोबर १९४३

ती. ताईस,

तुझं कार्ड पोचलं. तू ते रागाच्या भरात सरळ घरच्या पत्त्यावर टाकलंस आणि तेही उघडं कार्ड! दिरांनी ओसरीवर उभं राहून ते दोनदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. शोभाला हिवताप झाला होता. तीन आठवडे पोरगी एक दिवसाआड फणफणायची. बायडाबाई दूध ओतताना रोज विचारायची, "वैनी, कागद न्यायचा हाय का?" आणि मी मान हलवायची. पत्राला दोन ओळी लिहायचं त्राण नव्हतं. पण अभ्यास सुटला नाही, ताई. पहिल्या दिवशी ताप चढला तेव्हा मी तिच्या उशाशीच होते. तीन वाजले. सासूबाई आल्या, शोभाचं डोकं माझ्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "ऊठ. वेळ झाली." मी म्हटलं, "आज राहू दे." त्या म्हणाल्या, "आज राहिलं की उद्याही राहतं. जा." गेले. पाटीवर डोळ्यांचं पाणी पडत होतं, कुठला हौद न् कुठला नळ! त्या दिवशी एकच गणित केलं आणि तेही चुकलं. पण केलं. दुसऱ्या दिवशी एक आणि तिसऱ्या दिवशीही एकच. गेल्या आठवड्यापासून पुन्हा तीन करते आहे.

आता कार्डाचं. दीर माझ्यावर ओरडले नाहीत, आणि तेच वाईट. सासूबाईंनी विचारलं, "काय आहे त्यात?" त्यांना अक्षर येत नाही. ते म्हणाले, "तुमच्या सुनेचा नेम खोटा आहे. मी आत्ताच मोडतो." सासूबाई उठून देवघराच्या दारात उभ्या राहिल्या. "उद्यापनापर्यंत नेमाला हात लावायचा नाही. पुढचं तेव्हा बघू." मग दिरांनी अट घातली. उद्यापनाला आळीतली माणसं बोलवायची, त्यांच्यासमोर ते पोथीतलं विचारतील ते मी सांगायचं. सांगता आलं नाही, तर नेम खोटा, आणि दुसऱ्याच दिवशी मी इंदूरच्या वाटेला. पोथी त्यांना तोंडपाठ आहे. अठरा वर्षं उत्सवात एका बैठकीत तेच वाचतात.

दमू

नगर, १३ ऑक्टोबर १९४३

माझी दमू,

माझ्या हाताला आग लागो. कार्ड टाकताना एकदासुद्धा मनात आलं नाही की शोभा आजारी असेल. मुलींना धीर धरायला शिकवते आणि स्वतः अठरा दिवस कळ काढू शकले नाही.

आता उद्यापनापर्यंत थांबायचंच नाही. पुढच्या शनिवारी मी सर्व्हिस मोटारीनं येते, बरोबर आमच्या शाळेचा गडी भीमा. तू शोभाला घेऊन नदीवर जाण्याच्या निमित्तानं बाहेर पड. तीन महिने तू पोथीचं पान वाचलेलं नाहीस, माझ्याच सांगण्यावरून! आता पंचवीस दिवसांत काय सांगणार आहेस तू? हट्ट करू नकोस, माझ्या गळ्याची शपथ.

ताई

नेवासे, १६ ऑक्टोबर १९४३

ती. ताईस,

येऊ नकोस. शोभाच्या अंगात अजून उभं राहायची ताकद नाही. आणि पळून आले तर उद्या हेच लोक पोरीवर हक्क सांगून तिला परत नेतील. मला दारातून बाहेर पडायचंय, परसातून नाही.

शिवाय एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. तू रागावशील म्हणून बोलले नव्हते. मी पोथी सोडलीच नाही. देवासमोर वाचीन म्हटलं होतं, मग नुसती समोर कशी ठेवू? रोज पहिल्या पाव तासात दहा ओव्या, अर्थ लागेपर्यंत, आणि मग पाटी. पोथी हजारावर थोड्या ओव्यांची आहे, उद्यापनाच्या आधी पुरी होईल. तुझी तीन गणितं मी पाऊण तासात करत होते, ताई. माफ कर.

पण त्यातच एक नवी धास्ती निघाली आहे. श्रावणात बेचाळिसावं पान सापडेना. एक्केचाळीसनंतर एकदम त्रेचाळीस. नीट पाहिलं तर निरांजनाचं तूप सांडून दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. केसांतल्या आकड्यानं हळूहळू सोडवायला मला तीन दिवस लागले. आत जे लिहिलंय ते वाचून मी घाबरून पोथी मिटली. दिरांना ते ठाऊक असणं शक्य नाही, असतं तर मूळपुरुषाबद्दल ते उत्सवात जे बोलतात ते बोललेच नसते. त्यांनी नेमकं तिथलं विचारलं तर? खरं सांगितलं तर घराची अब्रू जाते, नाही सांगितलं तर माझी पोर. काय आहे ते पत्रात लिहायला हात धजत नाही.

पुढची गणितं पाठव. रोज तीनच.

दमू

नेवासे, ९ नोव्हेंबर १९४३

ताई,

सगळं झालं.

सकाळी ओसरी माणसांनी भरली. आळीतल्या बायका होत्या, पूजा सांगायला रंगनाथभट होते, दिरांचे दोघे स्नेही होते. मी न खाता बसले होते. शोभा सासूबाईंना चिकटून बसली होती. दिरांनी पोथी उघडली, मधलीच एक ओवी वाचली आणि अर्थ विचारला. मी सांगितला. दुसरी वाचली, तिचाही सांगितला. तिसऱ्या ओवीत एक अडलेला शब्द होता, त्यावर मी भाद्रपदात चार दिवस घालवले होते. तोही सांगितला. बायका कुजबुजू लागल्या. दिरांचं तोंड लाल झालं. त्यांनी पोथी मिटली आणि म्हणाले, "ओव्या कुणीही घोकेल. आमच्या मूळपुरुषानं ही पोथी कशी रचली, ते सांगा."

नेमकं तेच! ते दरवर्षी उत्सवात सांगतात की मूळपुरुष दरबारात मानाचे शास्त्री होते आणि पोथी त्यांना एका रात्रीत स्फुरली. मी तेवढंच म्हटलं असतं तर सुटले असते बघ. तसं वाक्य जिभेवर आलंसुद्धा होतं. पण चार महिने ज्या देवासमोर बसले, त्याच्याच दारात बसून खोटं बोलवेना. मी ती ओवी म्हटली:

घरोघरी वाहिले पाणी । उरल्या घटकेत बैसोनी ।
नित्य एक ओवी लिहोनी । ऐशी लोटली तीन वर्षे ॥

आणि म्हटलं, "ते पाणक्या होते. लोकांकडे पाणी भरायचे. काम उरकलं की रोज एक ओवी लिहायचे."

दीर उभेच राहिले. "पाणक्या? आमचा मूळपुरुष पाणक्या? अशी ओवी पोथीत नाहीच! अठरा वर्षं वाचतोय मी! हिनं रचली ही, घराला काळं फासायला!"

मी म्हटलं, "बेचाळिसावं पान."

रंगनाथभटांनी पोथी आपल्याकडे ओढली, चष्मा पुसला आणि एक-एक पान उलटत गेले. मला तो वेळ चार महिन्यांहून मोठा वाटला. मग त्यांनी मोठ्यानं वाचलं, शब्दाला शब्द. पुढच्या ओवीत तर मूळपुरुषांनी कुठल्या कुठल्या घरी पाणी भरलं तेही लिहिलंय. ते वाचून झाल्यावर दिरांकडे पाहून म्हणाले, "मार्तंडराव, पानं चिकटलेली होती. तुपाचा डाग दिसतोय. तुम्ही अठरा वर्षं दोन्ही पानं एकदमच उलटत आलात."

कुणीतरी बाई फिस्सकन हसली.

आणि सासूबाई बोलल्या. ताई, मी मरेपर्यंत विसरणार नाही. "नेम खरा झाला. आता सांगा, शुक्रवारच्या परीक्षेला हिला नगरला कोण पोचवतंय?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हणाल्या, "बघतेस काय? पाटीवर लेखणी करकरते, मी बहिरी आहे होय? पोथी वाचणारीची बोटं पांढरी कशानं होतात, एवढं कळायला अक्षर लागत नाही. घरात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ओरडून-ओरडून जप करायची. घसा बसला माझा श्रावणात! तू बायडाबाईला सांगितलेली तारीख मी तिच्याकडून काढली."

दीर पुटपुटले, "इंदूरला शब्द दिलाय."

"दिलास ना? मग तू जा स्वयंपाकाला." आणि सगळ्यांसमोर भिंतीकडे बोट केलं. "एकशे एकोणीस बोटं आहेत ही. पोरीच्या तापातसुद्धा एक चुकलं नाही. पाण्याच्या घागरी वाहून माणूस पोथी लिहितो, त्याच्या घरात सुनेनं शिकायला चोरी कशाची? शोभा आईबरोबर जाईल. माझा शामकांत परत येईल तेव्हा त्याला मी सांगेन काय सांगायचं ते."

मी तिथंच त्यांच्या पायावर डोकं ठेवून हमसून रडले. त्या म्हणाल्या, "तीन वाजायचेत अजून. परीक्षा व्हायची आहे. बस जा आत."

ताई, आजसुद्धा तीनच गणितं केली. तिन्ही बरोबर. गुरुवारच्या मोटारीनं आम्ही दोघी येतो. पोचवायला सासूबाई दिरांनाच पाठवताहेत.

दमू

नगर, ६ डिसेंबर १९४३

ती. आक्काबाईंस सरोजिनीचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र मार्तंडरावांनी आपल्याला वाचून दाखवावं.

दमयंती पास झाली. त्रेचाळीस बायका बसल्या होत्या, बारा घेतल्या, त्यांत ती तिसरी. वर्गाच्या बाई मला म्हणाल्या, "तुमच्या बहिणीनं गणिताच्या पेपरात एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही, आणि तास संपायला आणि तिनं लेखणी ठेवायला एकच गाठ." मी त्यांना म्हटलं, तिच्या अंगातच तास बसला आहे.

मी तिला गणितं पाठवली, पण धीर मीच आधी सोडला. तो आपण धरलात. शोभा इथल्या शाळेत जाऊ लागली. दर तिसऱ्या दिवशी विचारते, आजीला पत्र लिहू का.

आपली सरोजिनी

नेवासे, २४ जानेवारी १९४४

चि. सौ. दमयंतीस आक्काचा आशीर्वाद.

पत्र मार्तंड लिहितो आहे. त्याला बजावलंय, मी सांगते तसंच उतरवायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही आणि माझं गाळायचं नाही.

तुम्ही दोघी गेलात त्या दिवसापासून घर सुनं वाटतं. शोभाची फुटकी पाटी मी फडताळात ठेवली आहे. शामकांताचं अजून काही कळलेलं नाही. मी वाट बघते, तूही बघ, पण बघत बघत शिक.

संक्रांतीला बायका भिंत सारवायला निघाल्या होत्या, बोटं आहेत तेवढी जागा मी सोडायला लावली. पुढचीही तिथंच उठवते आहे.

दुपारी तीन वाजले की मला करमत नाही. तेव्हा मार्तंडाला समोर बसवते आणि पोथी वाचून घेते. रोज दहा ओव्या, एकेक पान बोटानं चाचपून. पहिल्या दिवशी त्यानं घाई केली, मी पान परत उलटायला लावलं. आणखी दोन ठिकाणी पानं चिकटलेली निघाली. परवा तो म्हणाला, "आई, ही ओवी फार चांगली आहे, मी कधी वाचलीच नव्हती." हे वाक्य लिहायला तो कां कू करत होता. मी सांगितलं, लिही.

संक्रांतीचे तिळाचे लाडू बायडाबाईच्या भावाबरोबर पाठवते. शोभाला तीन, तुला तीन. एकदम खाऊ नका, रोज एक.

खाली हळदीचं बोट मी स्वतः उठवलं आहे. या महिन्यात तुझा वर्ग सुरू झाल्यापासूनचं हे तेविसावं.

आक्का